लाल ठिपक्याचं मीटर

वाफेचं मशीन बंद पडलं तेव्हा कुपीत अर्धं औषध शिल्लक होतं.

आधी वाटलं, मनवानं नळी ओढली. दहा महिन्यांची होती माझी लेक. हाताला लागेल ते ओढायची. पण नळी जागच्या जागी होती, मास्कही तोंडावर नीट होता. फक्त घरघर थांबली होती. पाठोपाठ फ्रिजही गप्प झाला, आणि त्या शांततेत तिच्या छातीतली शिट्टी मला ऐकू यायला लागली.

भारनियमनाचा कागद मी दारामागे चिकटवला होता. मंगळवार, दुपारी दोन ते सहा. घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मनवाच्या वाफेच्या वेळा मी त्या कागदावरूनच ठरवायचे. चूक होणं शक्य नव्हतं.

तिचं झबलं वर केलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत श्वास मोजायला लागले. हे मला दवाखान्यातल्या सिस्टरनी शिकवलं होतं. पूर्ण मिनिट मोजायचं, अर्धं मोजून दुप्पट करायचं नाही. बावन्न भरले. चाळीसच्या आसपास असले की मी स्वयंपाकाला लागायचे. पन्नासच्या वर गेले की दुसरं काही करायचे नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून रेडिओ ऐकू आला. एक बाई गाण्याची फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचत होती. पलीकडे माझ्या थोरल्या जाऊबाई राहायच्या, यमुनाअक्का. वाटणी झाल्यावर एकाच घरात मधे भिंत घातलेली. अलीकडे आम्ही, पलीकडे त्या, माझे थोरले दीर तात्या आणि त्यांची दोन शाळकरी मुलं. दिवाळीपासून आमचं बोलणं बंद होतं.

रेडिओ सेलवर असेल, असं स्वतःला सांगत मी मनवाला कडेवर घेऊन बाहेर आले. अक्कांच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती, तिथे दिवसासुद्धा बल्ब लावावा लागायचा.

तो लागलेला होता.

फाटकाशी वायरमन गंगावणे आपली पिशवी लुनाला अडकवत होते. मी अनवाणीच धावले.

"गंगावणेदादा, लाईट गेलीय का?"

"न्हाई वहिनी. फीडर चालू हाय, गावात लाईट हाय."

"मग आमची का गेली?"

"तुमची? तुमची कशी जाईल?" त्यांनी खिशातून यादी काढली, बोट फिरवलं. "तुमच्याकडं तर आगाऊ जमा दिसतंय. मी थोरल्यांचं काढलंय. तीन बिलं थकली. दोनदा सांगून गेलो, तात्या हां हां म्हणत्यात आन भरत न्हाईत." त्यांनी पिशवीतून चिनीमातीचा पांढरा फ्यूज काढून दाखवला. "ह्यो बघा. त्यांचाच."

"अहो, पण त्यांच्याकडे बल्ब चालू आहे."

गंगावणेंनी अक्कांच्या दाराकडे पाहिलं. मग फ्यूजकडे पाहिलं.

"आता ही काय भानगड," ते म्हणाले.

त्यांना भानगड वाटत होती. माझ्या कानाशी शिट्टी वाजत होती.

*

आमच्या चाळीसेक गावांना वीज पुरवायची ती सीनाकाठ ग्रामीण वीज सहकारी संस्था. ज्याच्या दारात मीटर, तो संस्थेचा सभासद. नफा वाटायचा नाही असं तिच्या पोटनियमातच लिहिलेलं. पण बिल भरायचं म्हणजे अठरा किलोमीटरवर तालुक्याला जायचं. खिडकी दोनला बंद. मनवा तीन महिन्यांची असताना मी एकदा गेले होते तिला घेऊन. रांगेत दीड तास, आणि एस.टी.त फुफाटा. त्यानंतर तीन दिवस तिची छाती वाजत होती. भागवतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, साखर कारखान्यावर सुट्टी मिळायची नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, "पुढचं बिल भरायला मी मेले तरी जाणार नाही, आणि बिल राहिलं तर मशीन बंद पडेल. सांग काय करू."

त्याच वर्षी संस्थेच्या सभेत ठरलं की बिल गावातल्या दूध केंद्रावर घ्यायचं. केंद्रावर घातलेल्या दुधाचा पगार, म्हणजे दुधाचे पैसे, दर दहा दिवसांनी व्हायचा. त्यातूनच, सभासद सांगेल तेवढी रक्कम विजेसाठी कापायची. एकदम नाही जमलं तर थोडं थोडं, आणि जमलं तर आगाऊ. एक अर्ज, त्यावर ग्राहक क्रमांक, खाली सही. गावात पहिला अर्ज माझा होता, आमच्या एका म्हशीच्या दुधावर.

दुसरीही एक सोय होती. घरात आजाऱ्याचं मशीन असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी द्यायची. मग संस्थेचा माणूस येऊन मीटरच्या पेटीवर लाल रंगाचा ठिपका मारून जायचा. ठिपक्याच्या मीटरचा फ्यूज काढायचा नाही, थकलं तर आधी घरी येऊन सांगायचं. मी चिठ्ठी दिली. आमची दोन्ही मीटरं दोन घरांमधल्या बोळात शेजारी शेजारी होती. एकावर तात्यांचं नाव, दुसऱ्यावर भागवतचं. भागवतच्या मीटरवर गंगावणेंनी रुपयाएवढा ठिपका मारला तेव्हा मी मनवाला घेऊन समोर उभी होते. वाळेपर्यंत उभी होते.

ही सगळी व्यवस्था जणू माझ्यासाठीच काढली होती. कुणाला विचारायला नको, कुणाची वाट बघायला नको, कुणाचं तोंड बघायला नको. दर दहा दिवसांची दुधाची चिठ्ठी मी बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे. बिलही फार यायचं नाही. फ्रिज, पंखा, दिवसातून तीनदा मशीन, थंडीत पाणी तापवायची कांडी, तरी महिन्याचं शंभर-सव्वाशे. कपात त्याहून जास्त, त्यामुळे आमचं बिल वजा यायचं. मी बी.एस्सी. झालेली. वॅटला तासांनी गुणलं की युनिटं निघतात हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण उत्तर आपल्या फायद्याचं असलं की माणूस गणित तपासत नाही.

दिवाळीच्या आधी एका सकाळी अक्का हातात बिल घेऊन दारात आल्या होत्या.

"संजोत, तू शिकलेली हायेस. बघ गं हे. दोन बल्ब आन एक रेडिओ. साडेचारशे कशाचं येतं?"

मी बिल हातात घेतलं, पण वाचलं नाही. मनवाला नुकतंच झोपवलं होतं आणि अक्कांचा आवाज मोठा होता. मी आत जाऊन डबा आणला.

"अक्का, आमचं बघा. वजा येतं. वेळच्या वेळी भरलं की थकत नाही."

"थकायचं न्हाई विचारत मी. येतं कसं, ते विचारते."

"तुम्हीही दुधातून कापून द्या ना," मी म्हटलं, आणि तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. "म्हणजे पैसे तात्यांच्या हातात जायलाच नकोत. पत्त्यांत तरी जाणार नाहीत."

तात्या पारावर पत्ते खेळायचे हे गावाला माहीत होतं. पण घरातलं कुणी ते तोंडावर म्हणत नव्हतं. अक्कांनी बिलाची चार घड्यांची घडी केली, कमरेला खोचली आणि गेल्या. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही आणि तात्यांनी एक बिल भरलं नाही.

मला वाटायचं, त्यांच्या मनात वेगळंच आहे. वाटणीत आमच्याकडे स्लॅबची खोली आली होती, पूर्वेची खिडकी असलेली. त्यांच्याकडे पत्र्याची बाजू आणि चूल. मी बाळंतपणानंतर घरी आले तेव्हापासून अक्का आमच्या खोलीत पाऊल टाकायच्या नाहीत. मी भागवतला म्हणायचे, "त्यांना ती खोली हवी होती. चिठ्ठी आपली निघाली, त्याला मी काय करू?" भागवत नुसता हं म्हणायचा. तो तसा सगळ्यालाच हं म्हणायचा.

*

गंगावणे आमच्या घरात आले. मेन स्विच वर-खाली केला, आतला फ्यूज काढून बघितला, पुन्हा लावला.

"आतलं तर बराबर हाय."

"दादा, किती वेळ लागेल?"

"आता काय सांगू? खांबावर चढून बघावं लागंल. शिडी शेजारच्या वस्तीवर ठिवलीय."

मी पुन्हा मोजलं. अठ्ठावन्न. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. रडत नव्हती ती, आणि मला त्याचीच भीती होती. रडायला श्वास उरावा लागतो. भागवत सकाळच्या पाळीला होता, पाळीत त्याचा फोन लॉकरमध्ये असायचा. तालुक्याची एस.टी. बाराला. तालुक्याला पोचायला तास.

"वहिनी," गंगावणे म्हणाले, "असं करा. मशीन शेजारी नेऊन लावा. तिथं चालू हाय न्हवं? कशानं चालू हाय ते मी बघतो मागनं."

सांगायला सोपं होतं. एक मशीन, एक वायर, वीस पावलं. मी उंबऱ्याशी उभी राहिले. कडेवर मनवा, दुसऱ्या हातात मशीन, नळी जमिनीवर लोळत होती. डोक्यात काय होतं ते लिहायला लाज वाटते. अक्का म्हणाल्या, पावत्या कुठं गेल्या आता, तर? म्हणाल्या, दुधातून काप, तर?

बोळ ओलांडला. अक्का दारातच होत्या. केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे. हाताला पीठ होतं.

"अक्का, मशीन..."

"आण इकडं," त्या म्हणाल्या.

त्यांच्या घरात एकच प्लग होता, त्यात रेडिओ होता. गाणं मध्येच तुटलं. त्यांनी पिठाच्या हातानंच मशीनची पिन आत दाबली. मी मास्क लावला. घरघर सुरू झाली आणि पांढरी वाफ मनवाच्या गालांवर पसरली.

"ह्या धुराचं काय करू?" अक्का म्हणाल्या. चुलीत लाकडं पेटलेली होती, तव्यावर भाकरी. मी काही बोलायच्या आत त्यांनी लाकडं बाहेर ओढली आणि बादलीतल्या पाण्यात बुचकळली. भाकरी अर्धी कच्ची राहिली.

"अक्का, भाकरी..."

"तू तिच्याकडं बघ."

मी तिच्याकडे बघत होते. अक्काही बघत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. मला आधी वाटलं देवाचं नाव घेतायत. मग कळलं, त्याही मोजत होत्या.

बोळातून गंगावणेंचा आवाज आला.

"वहिनी! मशीन एकदा बंद करा बरं!"

"नाही करणार!"

"अवं, एकच मिनिट!"

"औषध संपल्याशिवाय नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की मनवा दचकली.

"बरं बरं. मग बल्ब तरी घालवा."

अक्कांनी बल्ब घालवला.

"लावा!"

लावला.

"घालवा!"

"ह्याला काय खेळ सुचतोय का?" अक्का पुटपुटल्या, पण त्यांनी पुन्हा घालवला. औषध संपलं, कुपी फुरफुरायला लागली. मी मशीन बंद केलं. त्याच क्षणी गंगावणे बोळातून म्हणाले, "थांबली! मीटरची चकती थांबली!"

ते दारात आले. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं.

"थोरल्या वहिनी, आत येऊ का?"

"या की."

ते उंबऱ्यावरच बसले.

"ह्या घरातलं बटण दाबलं की ठिपक्याचं मीटर फिरतंय. म्हंजे भागवतरावांच्या नावाचं. आन धाकट्या वहिनींच्या घराचा करंट तात्यांच्या मीटरवरनं. ज्याचा फ्यूज मी काढला." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ठिपका बघून मी हात लावला न्हाई वहिनी. पर ठिपका ह्या घरावर हाय. तुमच्यावर न्हाई."

मला आधी ते नीट समजलंच नाही. समजलं तेव्हा पहिलं काय डोळ्यापुढे आलं, तर बिस्किटाचा डबा. त्यातली प्रत्येक चिठ्ठी अक्कांच्या दोन बल्बांची होती. आणि माझा फ्रिज, माझी पाण्याची कांडी, दिवसातून तीनदा वाफ, हे सगळं त्या चार घड्या घातलेल्या बिलात होतं.

*

"मीटरची वायर कुणी बदलली?" मी विचारलं.

"वायर कुणीबी बदलली न्हाई," गंगावणे म्हणाले. "वाटणी झाली तवा म्यांच बसवली ही दोन मीटरं. चिठ्ठ्या निघाल्या त्याच दिवशी, सांजच्याला. तात्यांनी सांगितलं, स्लॅबची बाजू माझी, पत्र्याची भागवतची. तशीच जोडली. आता तुमी..." त्यांनी दोन्ही बाजूंना बोट केलं आणि ते हवेतच राहिलं. "मीटरं बराबर हायेत. माणसंच इकडची तिकडं झालीत."

मी अक्कांकडे बघितलं. त्या परातीतलं पीठ गोळा करत होत्या.

"अक्का, स्लॅबची बाजू आमच्या चिठ्ठीत आली होती ना?"

"चहा घेणार का दादा?" अक्का म्हणाल्या. "चूल इझवलीय, पर स्टोव्ह हाय."

"अक्का."

"आगं, झालं ते झालं."

"कुणाची चिठ्ठी होती?"

त्यांनी हात धुतले. पदराला पुसले. मनवा माझ्या मांडीवर हळूहळू सैल पडत होती, डोळे मिटत होते.

"आमची," त्या म्हणाल्या. "मारुतीच्या देवळात पाच माणसांपुढं निघाली. तांब्यात हात घातला तो आमच्याच धाकट्या पोरीनं. तू तवा तिकडं दवाखान्यात. ही काचेच्या पेटीत." त्यांनी मनवाकडे हनुवटी केली. "दुसऱ्या दिवशी भागवतभावजी आले. डॉक्टर म्हणला, ह्या पोरीला धुराचा वासबी लागता कामा नये. ते नुसतेच बसले ओट्यावर. भाकरी वाढली तर खाईनात. मी म्हणलं, मग काय करायचं, पत्र्याखाली चुलीम्होरं आणून मारायची का तिला? आमची पोरं धुरातच वाढलीत. आमी इकडं येतो."

"आणि मीटर?"

"मीटर कुणाच्या ध्यानात येतंय? बाजलं उचललं, हंडे उचलले. ज्याचं नाव बिलावर, त्यानं भरायचं, एवढंच."

"मला कुणी सांगितलं नाही."

"मीच नगं म्हणलं. भावजींना शपथ घातली. बाळंतीण बाई, त्यात पोरगी अशी. मनाला लावून घेती म्हणलं. उपकार उपकार करत बसंल." त्या स्टोव्हला पंप मारायला लागल्या. "आन मग तू आलीस. आल्यापासनं दार लावून घेतलंस. मी आले तर माझ्या लुगड्याकडं बघायचीस, धुराचा वास येतो का म्हणून. खरं हाय का न्हाई?"

खरं होतं. अक्का आमच्या खोलीत का येत नाहीत, याचं उत्तर माझ्याच डोळ्यांत होतं, आणि मी ते दहा महिने त्यांच्या मनात शोधत होते.

"म्हणून मी बिल घेऊन दारात आले, आत न्हाई आले," त्या म्हणाल्या. "तर तू डबाच काढलास."

गंगावणे खाली मान घालून टोपीची घडी करत होते. स्टोव्ह पेटला. मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. शब्द जुळवत होते आणि प्रत्येक शब्द पावतीसारखा वाटत होता. शेवटी मनवाचं झबलं वर केलं आणि मोजायला लागले, कारण तेवढंच मला नीट येत होतं.

"चव्वेचाळीस," मिनिट भरायच्या आतच अक्का म्हणाल्या.

"पूर्ण मिनिट मोजायचं असतं," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

"मग मोज की. रडतीस कशाला? हलतीया ती."

मी पूर्ण मिनिट मोजलं. शेहेचाळीस भरले.

*

चहा पिऊन गंगावणे उठले, बोळात गेले, पिशवीतून तात्यांचा पांढरा फ्यूज काढून परत जागेवर बसवला. भिंतीपलीकडे माझा फ्रिज गुरगुरला.

"थकलंय ना त्यावर?" अक्कांनी विचारलं. "मग कसा काय बसवला?"

"मशीनच्या घराचा फ्यूज काढायचा न्हाई असा नियम हाय. ठिपका कुठं का असंना." ते माझ्याकडे वळले. "पर थकबाकी भरावी लागंल, वहिनी. तीन बिलं."

"मी भरते. आज संध्याकाळीच केंद्रावर. आमचे आगाऊ आहेत, ते तिकडे वळवून घेते." मग मी अक्कांकडे न बघता म्हटलं, "आणि त्याआधीची, तुम्ही भरलेली, ती पण..."

"त्याआधीचं काय? त्यात हिची वाफच गेली न्हवं? दुसरं काय गेलं?"

"फ्रिज गेला, अक्का. पाण्याची कांडी गेली."

"मग एक दिवस तुझ्या फ्रिजातलं गार पाणी पाज."

गंगावणे हसले. मग त्यांना आठवण झाली. "ठिपका तेवढा चुकीच्या पेटीवर राहिला. रंग आज न्हाई माझ्याकडं. पुढच्या फेरीला आणतो. तवर दुसरा कुणी आला फ्यूज काढायला तर..."

त्यांचं बोलणं संपायच्या आत अक्का आत गेल्या. देवापुढची कुंकवाची डबी आणि तेलाचं बोट घेऊन आल्या. तात्यांच्या मीटरच्या पेटीवर त्यांनी कुंकू दाबलं आणि गोल फिरवलं. रुपयापेक्षा मोठा ठिपका झाला, जरा वाकडा.

"चालंल का?"

"चालवून घेतो," गंगावणे म्हणाले. "वहिनी, तुमी मात्र नावं बदलायचा अर्ज द्या. दोघा भावांच्या सह्या, वाटणीचा कागद. महिन्याभरात ज्याच्या घराचं बिल त्याच्या नावावर यील. मग घोळच न्हाई."

"उद्याच देते," मी म्हटलं. मला कधी एकदा सगळं सरळ होतंय असं झालं होतं. नावं नावांच्या जागी, नंबर नंबरांच्या जागी.

"नावं राहू दे," अक्का म्हणाल्या.

"अहो, पण मग तुमच्याकडे आमचं बिल येणार, आमच्याकडे तुमचं."

"यिऊ दे."

"उगाच इकडून तिकडे..."

"दुधातनं कापायला लागल्यापासनं कुणाला कुणाच्या दारात जायचं कामच राहिलं न्हाई," त्या म्हणाल्या आणि बोटाला लागलेलं कुंकू पदराला पुसत आत गेल्या. अर्धी कच्ची भाकरी त्यांनी पुन्हा तव्यावर टाकली, या खेपेला स्टोव्हवर.

*

याला पंधरा वर्षं झाली. मनवाची छाती सातव्या वर्षानंतर वाजली नाही. आता ती शाळेच्या संघातून खो-खो खेळते आणि मी पहिल्या रांगेत बसून श्वास मोजते, हे तिला माहीत नाही. पारावरचे पत्ते कधीच बंद झाले. दूध केंद्रावरची कपातही मागे पडली. संस्थेचं बिल आता मोबाईलवर येतं, आणि जिथे बसलात तिथून भरता येतं.

नावं तशीच आहेत. तात्यांच्या नावाला अक्कांचा मोबाईल जोडलेला.

काल संध्याकाळी अक्का आल्या. दार ढकलून थेट आत, खिडकीखालच्या खुर्चीत बसल्या आणि मोबाईल माझ्यापुढे धरला.

"बघ गं, काय आलंय."

"आमचं बिल आलंय. थांबा, भरूनच टाकते. एक मिनिट लागतं."

त्यांनी मोबाईल माझ्या हातातून काढून घेतला आणि पदराखाली ठेवला.

"एका मिनिटात कशाला?" त्या म्हणाल्या. "आधी चहा ठेव."